‘मेत्तेरे’ म्हणजे नुसतं ‘पुट’ नव्हे

प्रश्न : इटालियन शिकतोय. शब्दकोशात ‘मेत्तेरे’ म्हणजे ‘पुट’. मग ‘चि मेत्तो उनोरा’चा अर्थ का लागेना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कसा लागेल? तिथे इंग्रजीत ‘टेक’ हवं : मला तासभर लागतो. मीही एकदा ‘मी तिथे एक तास ठेवते’ असं लिहून वहीत लाल रेघ ओढून घेतली होती. कोटाला ‘पुट ऑन’, गजराला ‘सेट’. मिठाला ‘पुट’ चालेल, पण पाककृतीत ‘अ‍ॅड’च बरं. मुळात इंग्रजीचा वळसा कशाला? मीठ घाला, कोट घाला, गजर लावा! मात्र ‘सि मेत्ते आ पिओवेरे’ म्हणजे पाऊस सुरू होतो, ‘स्टार्ट’. आमच्या कोकणात पाऊस ‘लागतो’, तसंच काहीसं.