मध्ययुगीन दरबारात राजाच्या रखेलीचं आयुष्य खरंच ऐषआरामाचं होतं का? आणि राणी ते कसं सहन करायची?

ऐषआराम होता, पण त्याची किंमत फार मोठी होती. मी हे एकाच बाईच्या आयुष्यावरून सांगते, कारण फ्रान्समध्ये लॉशच्या चर्चमध्ये तिच्या कबरीपाशी उभी राहिले, तेव्हापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

तिचं नाव आन्येस सोरेल. जोन ऑफ आर्कने १४२९ मध्ये रँसला नेऊन ज्याला राज्याभिषेक करवला, त्या सातव्या चार्ल्सची ती रखेल. आपल्याकडच्या दरबारी भाषेत नाटकशाळा म्हणत, पण आन्येसचं स्थान त्याहून वेगळं होतं. फ्रेंच राजाने उघडपणे, मानाने दरबारात मिरवलेली ही पहिलीच बाई, असं मानतात.

ती लहानशा सरदार घराण्यातली, राणीच्या भावजयीच्या पदरी होती. १४४३-४४ च्या सुमारास राजाची नजर तिच्यावर गेली. राजा चाळिशीचा, ती जेमतेम विशीची. नकार द्यायची सोय तिला कितपत होती, याचा विचार आपण फारसा करत नाही. पुढे राजाने तिला व्हॅन्सेनजवळचा बोते नावाचा किल्ला दिला. बोते म्हणजे सौंदर्य, म्हणून ती झाली 'सौंदर्याची स्वामिनी'. रेशीम, हिरे, लांबलचक घोळाचे झगे सगळं होतं. धर्मगुरू तिच्या खोल गळ्याच्या कपड्यांवर तोंडसुख घ्यायचे, आणि युवराज लुई तर तिचा द्वेषच करायचा.

राणीचं म्हणाल तर आन्येसची नेमणूक राणीच्याच सख्यांमध्ये झाली होती. म्हणजे दोघी एकाच दरबारात, रोज एकमेकींसमोर. राणी मारीने राजाला डझनभर मुलं दिली, त्यातली कितीतरी लहानपणीच गेली. तिचा धाकटा मुलगा १४४६ च्या डिसेंबरचा, आणि आन्येसच्या तीन मुलीही याच काही वर्षांतल्या. राणीला 'सहन करायचं की नाही' हा पर्यायच कुणी दिला नव्हता. मला दोघींचंही वाईट वाटतं.

आन्येसच्या हाती सत्ता किती होती? तिच्या ओळखीतली माणसं वर चढली, हे खरं. पण राजाची मर्जी हीच तिची सनद, आणि ती टिकवायची तर राजाच्या जवळ राहायला हवं. १४५० च्या ऐन हिवाळ्यात राजा नॉर्मंडीत इंग्रजांशी लढत होता. आन्येस चौथ्यांदा गरोदर, दिवस बरेच वर गेलेले, आणि तरी ती लॉशहून झुमिएजच्या मठापर्यंत त्याच्याकडे गेली. त्या काळचे रस्ते आणि ती थंडी डोळ्यांसमोर आणा. तिथेच तिला अकाली मुलगी झाली, तीही वाचली नाही. ९ फेब्रुवारीला आन्येस गेली. वय साधारण २८.

लगेच विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली. राजाचा श्रीमंत खजिनदार झाक कर याला १४५१ मध्ये पकडलं, तेव्हा हा आरोप त्याच्यावर आला. तो टिकला नाही, पण इतर आरोपांत तो माणूस उद्ध्वस्त झाला. २००५ च्या सुमारास फ्रेंच संशोधकांनी तिचे अवशेष तपासले. पोटात जंतांची अंडी होती आणि शरीरात पाऱ्याचं प्रचंड प्रमाण. त्या काळी जंतांवर पारा देत. कुणी मुद्दाम जास्त दिला की वैद्याचा हात चुकला, हे अवशेषांवरून ठरत नाही.

तिची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. तिचीच बहीण लागणारी आंत्वानेत राजाची नवी रखेल झाली.

काळीज झुमिएजला पुरलं, देह लॉशला. कबरीवर पांढऱ्या अलाबास्टरची आन्येस हात जोडून झोपली आहे, उशाशी दोन देवदूत. पायाशी दोन कोकरं आहेत. फ्रेंचमध्ये कोकराला 'आन्यो' म्हणतात, तिच्या नावाशी जुळणारं. मी त्या कोकरांकडेच बराच वेळ बघत होते.