‘तृतीयपंथी’ की ‘पारलिंगी’? आणि ‘ते’ म्हणावं का?

महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्रवेशअर्जावर ‘तृतीयपंथी’ छापावं की ‘पारलिंगी’ (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून ज्यांची लिंगओळख वेगळी आहे ते)? आणि नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणाऱ्या, विद्यार्थ्यासाठी नपुंसकलिंगी ‘ते’ चालेल का?

पहिलं उत्तर सोपं आहे. ‘तृतीयपंथी’मधला ‘पंथ’ गुरू-चेल्यांच्या परंपरेतल्या समाजाकडे बोट दाखवतो. पारलिंगी पुरुषाला तो शब्द लागू पडत नाही, अनेक पारलिंगी स्त्रियांनाही नाही. अर्जावर ‘पारलिंगी’ हवा, आणि नॉन-बायनरींसाठी वेगळी जागाही. नुसतं ‘इतर’ नको. ‘इतर’ हा खर्चाचा रकाना असतो, माणसाचा नव्हे. आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा. मालवणीत ‘चेडू’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी असते आणि त्यात मायाच असते. पण ‘नपुंसक’ ही शिवी ऐकतच जे वाढले, त्यांना ‘ते आलं’ बोचू शकतं. त्यांनी स्वतः निवडलं तर जरूर म्हणा, आपण होऊन चिकटवू नका.

मात्र मराठीचं क्रियापद प्रत्येक वेळी लिंग विचारतं, हा समज खरा नाही. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत फरक आहे. ‘तुम्ही आलात’ सगळ्यांना चालतं. ‘येतात’, ‘येत आहेत’, ‘येतील’, ‘येणार आहेत’ यांत लिंग दिसत नाही. ‘त्यांनी निबंध लिहिला’मध्ये क्रियापद निबंधाच्या लिंगाने चालतं, लिहिणाऱ्याच्या नव्हे. अडतं ते ‘आले-आल्या’, ‘होते-होत्या’ अशा ठिकाणी. तिथे ‘त्यांनी तासाला हजेरी लावली’ म्हणता येतं. म्हणजे विद्यार्थ्यालाही अहोजाहो करावं लागेल. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

‘मी येतो’ की ‘मी येते’, हे मात्र बोलणाऱ्यानेच ठरवायचं. तिथे दुरुस्ती करू नये. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतात, तेव्हा कोण अडवतं?

सहकाऱ्यांच्या बाबतीत दारावरच्या पाटीवरून ‘श्री.’, ‘श्रीमती’ काढून नुसतं ‘प्रा.’ ठेवता येतं. ‘सर’ म्हणायचं की ‘मॅडम’, ते त्यांनाच एकदा विचारा. आणि हजेरी घेताना ‘आला का, आली का’ऐवजी नाव घ्या, उत्तर ‘हजर’ येतं, आणि ‘हजर’ला लिंग नाही.