चार रात्री आणि एकोणीस दिवस

प्रश्न : एका मोठ्या हॉटेल समूहाच्या लॉयल्टी प्रोग्राममध्ये (नेहमीच्या ग्राहकांना बक्षीस देणाऱ्या योजनेत) मी प्लॅटिनम सदस्य आहे. हे स्टेटस, म्हणजे सदस्यत्वाचा वरचा दर्जा, टिकवायला वर्षाला ५० रात्री लागतात. ॲपमध्ये गेल्या वर्षाच्या ४६च दिसतात. नऊ रात्री जमाच झालेल्या नाहीत. त्यातल्या पाच एका बुकिंग साइटवरून घेतलेल्या, चार हॉटेलच्याच वेबसाइटवरून आमच्या कंपनीच्या दराने (चेक-आउट १४ मार्च). त्या चारबद्दल जूनमध्ये रिसेप्शनला मेल केला होता. ‘बघतो’ एवढंच उत्तर आलं. आता २८ फेब्रुवारीला स्टेटस उतरणार. ग्राहक न्यायालयात जाऊ का? की आहेत ते पॉइंट्स कुणाला तरी विकून मोकळा होऊ? अटी व शर्ती सोबत जोडल्या आहेत.

उत्तर (२३ फेब्रुवारी) : २८ फेब्रुवारी विसरा. तुमचं प्रकरण १४ मार्चवर अडलंय.

तुम्हीच जोडलेल्या अटींत लिहिलंय की मुक्काम जमा झाला नसेल, तर सदस्याने चेक-आउटपासून बारा महिन्यांच्या आत प्रोग्रामकडे दावा नोंदवायचा. त्यानंतरचा दावा विचारात घेतला जाणार नाही. म्हणजे हातात १९ दिवस आहेत. हेच पत्र महिनाभराने आलं असतं तर माझं उत्तर एका ओळीचं झालं असतं.

‘मी तर जूनमध्येच कळवलं होतं’ असं तुम्ही म्हणाल. कळवलंत, पण कुणाला? दारावर पाटी मोठ्या ब्रँडची असली तरी बहुतेक ठिकाणी इमारत आणि धंदा दुसऱ्याच मालकाचा असतो. ब्रँडची कंपनी नाव देते, बुकिंगची यंत्रणा देते आणि लॉयल्टी प्रोग्राम चालवते. तुमचा करार आहे तो या कंपनीशी. रिसेप्शनवरचा माणूस त्या करारात कुठेच नाही. हॉटेल हे कंपनीचं एजंट, त्याला कळवलं म्हणजे कंपनीला कळवलं, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण मुदत शिल्लक असताना युक्तिवादाच्या भरवशावर राहायचं कशाला? शिवाय कोर्टात उशीर झाला तर निदान विलंब माफीचा अर्ज तरी करता येतो. इथे तीही सोय नाही. संगणक तारीख बघतो आणि नाही म्हणतो. ‘बघतो’ या उत्तरावर आठ महिने स्वस्थ कसं बसवलं, हे मला खरंच कळत नाही.

तेव्हा आजच हॉटेलच्या अकाउंट्स विभागाकडून फोलिओ मागवा. कार्डाची पावती किंवा बुकिंगचा मेल नव्हे. मुक्कामाचं तारीखवार अंतिम बिल. त्यावर चार गोष्टी तपासायच्या. येण्या-जाण्याच्या तारखा. नाव : खात्यावर पूर्ण नाव आणि बिलावर नुसती आद्याक्षरं, किंवा आडनाव पुढे आणि नाव मागे, एवढ्यावरूनही दावे परत येतात. सदस्य क्रमांक : तो बहुधा नसेलच किंवा एखादा आकडा चुकला असेल, आणि रात्री जमा न होण्याचं कारणही बहुधा तिथेच सापडेल. चौथी गोष्ट रेट कोड, म्हणजे दराचं सांकेतिक नाव, आणि भाडं कोणी भरलं त्याची नोंद.

ही चौथी गोष्ट मला जराशी खटकते. कंपनीने हॉटेलशी ठरवलेला दर सर्वसाधारणपणे ‘पात्र’, म्हणजे रात्री आणि पॉइंट्स मिळण्याजोगा, धरला जातो. पण तुमचं भाडं एखाद्या परिषदेच्या किंवा गटाच्या मास्टर बिलात (सगळ्यांच्या एकत्र बिलात) गेलं असेल, तर नियम बदलतात आणि ते प्रत्येक प्रोग्रामचे वेगळे असतात. काही ठिकाणी पॉइंट्स संयोजकाला जातात. फोलिओ पाहिल्याशिवाय यावर छातीठोक काही सांगणार नाही.

फोलिओ आला की प्रोग्रामच्या वेबसाइटवरचा जमा न झालेल्या मुक्कामाचा फॉर्म भरा. हॉटेल, कन्फर्मेशन क्रमांक, तारखा, फोलिओची प्रत. खाली मोजकं लिहा : ‘या चार रात्री पात्र दराच्या आहेत. माझ्या खात्यावर रात्री आणि पॉइंट्स दोन्ही जमा करावेत. याबाबत हॉटेलला जूनमध्ये लेखी कळवलं होतं, त्या मेलची प्रत सोबत आहे.’ ‘दोन्ही’ हा शब्द गाळू नका. माफीदाखल थोडे पॉइंट्स टाकून तक्रार बंद करण्याची सवय ग्राहक सेवा विभागांना असते; स्टेटस मात्र रात्रींवर ठरतं, पॉइंट्सवर नाही. फॉर्म भरल्यावर मिळणाऱ्या क्रमांकाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. हॉटेल फोलिओ द्यायला टाळाटाळ करत असेल तर वाट पाहू नका, कन्फर्मेशनच्या मेलवर दावा नोंदवा आणि फोलिओ मागाहून जोडा. आणि १३ तारखेच्या रात्रीपर्यंत थांबू नका; सर्व्हरचं घड्याळ तुमच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही.

दावा मान्य झाला की ४६ चे ५० होतात. दरम्यान २८ तारखेला स्टेटस उतरलं तरी घाबरायचं कारण नाही. रात्री मागच्या तारखेने जमा झाल्या की ते सहसा पुन्हा चढतं. चढलं नाही तर मागून घ्यायचं.

बुकिंग साइटवरच्या पाच रात्री सोडून द्या. त्या ‘पात्र दरात’ बसत नाहीत, हे अटींत पहिल्याच पानावर आहे आणि जवळपास प्रत्येक मोठ्या समूहाच्या अटींत असतं. हॉटेलला ते गिऱ्हाईक कमिशन मोजून मिळालेलं असतं, त्यावर पुन्हा बक्षीस द्यायला ते तयार नसतात. काउंटरवर सदस्य क्रमांक दिला होता, कर्मचाऱ्याने ‘हो’ म्हटलं होतं, याने काही बदलत नाही. फार तर मुक्कामात हॉटेलच्या बिलावर केलेल्या इतर खर्चाचे पॉइंट्स काही प्रोग्राम देतात. असंच सोबत घेतलेल्या दुसऱ्या खोलीचं. हयात या हॉटेल समूहाच्या प्रोग्राममध्ये तीन खोल्यांपर्यंतच्या भाड्यावर पॉइंट्स मिळतात, पण स्टेटससाठी रात्र मोजली जाते ती स्वतः राहिलेल्या एकाच खोलीची. यावरूनही पत्रं येतच असतात.

आता कोर्टाचं. प्रोग्रामने लेखी दिलेला शब्द मोडला तर दाद मागता येते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देणाऱ्या आपल्या मैल योजनेवर मागाहून बंधनं घातली. त्यावर १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने करारभंगाचा दावा चालू शकतो असं म्हटलं. आकड्यांकडे पाहा : सात वर्षांनी ‘दावा चालू शकतो’, एवढंच. २०१४ मध्ये त्याच न्यायालयासमोर आणखी एक प्रकरण आलं : कंपनीकडे वारंवार तक्रारी केल्यावर नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने आपल्या अशाच योजनेतून काढलेल्या सदस्याचं. कंपनी सद्भावनेने वागली नाही हा त्याचा मुद्दा टिकला नाही. त्यामागे विमान कंपन्यांपुरता असलेला कायदा होता, तो हॉटेलांना लागू नाही, म्हणून तुमची बाजू तितकी अशक्त नाही. पण अधिकारक्षेत्र कुठलं, कोर्टाऐवजी लवादाकडे जाण्याची अट आहे का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे आणि तुम्ही जोडलेल्या प्रतीत शेवटची पानंच नाहीत. ती पाठवा. मुदतीत केलेला दावा कारण न देता फेटाळला, तर नोटीस द्यायला जागा आहे. नोंदवलेल्या दाव्याशिवाय नाही. आणि आज दाखल केलंत तरी निकाल लागेपर्यंत भांडताय ते स्टेटस केव्हाच उतरलेलं असेल.

पॉइंट्स विकण्याचा विचार मात्र डोक्यातून काढा. विक्रीला अटींत सरळ मनाई आहे; पकडलं तर खातं बंद, पॉइंट्स जप्त, आणि चार रात्रींचा दावा नाकारायला कंपनीला तुम्हीच कारण दिलेलं असेल. पॉइंट्स बुडतील ही भीतीही अनाठायी आहे. मॅरियट, हिल्टन, हयात या समूहांत खात्यावर २४ महिने काहीच हालचाल नसेल तर ते जातात, त्याआधी नाही. आयएचजी या समूहात मात्र एलिट, म्हणजे साध्या सदस्याहून वरचं, स्टेटस असेपर्यंत पॉइंट्स टिकतात आणि ते गेलं की १२ महिन्यांच्या निष्क्रियतेची अट लागू होते. तुमचा समूह कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेवटच्या पानांबरोबर तेही कळवा. पण फॉर्म आधी भरा.