मेक्सिकोतल्या टाइमशेअर रिसॉर्टमध्ये आठवडाभर खाण्यापिण्याला किती पैसे धरावेत?

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली जागा दरवर्षी ठरावीक दिवस वापरायचा विकत घेतलेला हक्क. आधी एक गोष्ट बघा: तुमच्या युनिटमध्ये, म्हणजे राहायच्या जागेत, स्वयंपाकघर आहे का? वन-बेडरूमला बहुधा ओट्यासकट पूर्ण स्वयंपाकघर असतं, स्टुडिओला नुसता फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. ओटा असेल तर ऑल-इन्क्लुझिव्ह प्लॅन (खाणंपिणं, दारू सगळं धरलेला) घाईने घेऊ नका. तो माणशी, रोजचा लागतो. दारू न पिणाऱ्या आणि दिवसभर बाहेर भटकणाऱ्या कुटुंबाला तो क्वचितच परवडतो.

पोहोचल्या दिवशीच चेद्राउई किंवा सोरियानासारख्या सुपरमार्केटमध्ये जा. अंडी, फळं, दही, तोर्तिया (तिथल्या पोळ्या), बिअर आणि पाण्याचे मोठे कॅन तिथूनच आणा, कारण नळाचं पाणी पीत नाहीत आणि रिसॉर्टमधल्या बाटल्यांवरच बजेट नकळत गळतं. नाश्ता खोलीत करा. दुपारी गावात ‘कोमिदा कोर्रिदा’ शोधा. सूप, भात, मुख्य पदार्थ आणि बहुतेकदा सरबत, सगळं एका ठरलेल्या किमतीत. पोट भरतं आणि चवही खरी घरगुती. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, राजम्यासारख्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते.

रिसॉर्टमधलं जेवण एक-दोन संध्याकाळींपुरतं ठेवा. तिथे मेन्यू नीट वाचा: किंमत डॉलरमध्ये आहे की पेसोत (मेक्सिकोचं चलन), 16 टक्के कर धरलेला आहे का, सर्व्हिस चार्ज लावलाय का. सर्व्हिस चार्ज नसेल तर 10 ते 15 टक्के टिप धरा. कार्डाने देताना मशीनने चलन विचारलं तर पेसोच निवडा.

आणि ‘फुकट नाश्ता’ म्हणून बोलावलं तर समजा, टाइमशेअर गळ्यात मारायचं सेल्स प्रेझेंटेशन आहे. सुट्टीची अख्खी सकाळ त्यात जाते.