बोलून वाद घालताना : व्हिडिओ चर्चेबद्दल वाचकांचे प्रश्न

वादविवाद लेखी ठेवावा की सगळ्यांनी व्हिडिओवर बोलावं, याबद्दल सातारा-सांगली भागातल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा चोवीस जणांचा गट आहे. दर महिन्याला एक विषय घेऊन व्हॉट्सॲपवर लेखी चर्चा होते. शब्दाने शब्द वाढतो आणि कोणीतरी रागावून गट सोडतं. काहींचं म्हणणं, लिहिणं बंद करून प्रत्येकाने व्हिडिओ टाकावा, चेहरा समोर असला की माणूस जपून बोलतो. असं करावं का?
– वाचनालयाचे कार्यकर्ते, तासगाव

उत्तर : व्हिडिओ जरूर करा, पण लेखी भाग सोडू नका. चेहरा आणि आवाज समोर आला की टोमणे कमी होतात, हे खरं आहे. लिहिलेल्या वाक्यात सूर कळत नाही, त्यामुळे साधा प्रश्नही खोचक वाटतो. बोलण्यात ती अडचण बरीच मिटते. मात्र चोवीस जणांनी व्हिडिओ टाकले तर ते बघणार कोण, याचा हिशोब आधी करा. पाचशे शब्दांची पोस्ट वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. मिनिटाला सव्वाशे शब्द या बेताच्या गतीने तीच बोलायला चार मिनिटं लागतात. चोवीस जणांचे मिळून दीड तासाहून जास्त होतात. पोस्ट वरवर चाळता येते, हवं ते वाक्य पुन्हा शोधता येतं. व्हिडिओत ती सोय नाही. परिणामी लोक पहिले चार व्हिडिओ बघतात आणि उरलेल्यांवर न बघताच मत देतात. मग भांडण आणखी वाढतं.

म्हणून बोलणारे चारच ठेवा, दोन बाजूने आणि दोन विरोधात. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी आपापले तीन दावे लेखी द्यायचे. प्रत्येक दावा एकाच वाक्यात, पंचवीस शब्दांच्या आत, आणि त्याला क्रमांक : अ1, अ2, अ3, ब1, ब2, ब3. हे मुद्दापत्रक गटात पिन करून ठेवा. त्यानंतर दोन्हीकडचा पहिला वक्ता चार मिनिटांचा व्हिडिओ देतो. 48 तासांनी दुसरा वक्ता तीन मिनिटांत खंडन करतो. पुन्हा 48 तासांनी पहिला वक्ता दोन मिनिटांचा समारोप करतो. दोन्ही बाजू मिळून ऐकायला अठरा मिनिटं लागतात, आणि तेवढं कोणीही ऐकतं. उरलेल्या वीस जणांनी प्रश्न लिहूनच विचारायचे, चाळीस शब्दांच्या आत आणि कोणत्या दाव्याबद्दल आहे तो क्रमांक टाकून.

खंडनासाठी एक नियम पाळाच. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची जुनी रीत आहे, तीच इथे आणा. खंडनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि समोरच्याने गटात ‘बरोबर’ असं लिहून कळवल्यावरच ते खंडन ग्राह्य धरायचं. त्याने ‘मी असं म्हटलंच नाही’ असं कळवलं तर व्हिडिओ पुन्हा करायचा. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण बहुतेक वेळा लोक न केलेल्या विधानावर तुटून पडलेले असतात.

आणखी दोन गोष्टी नडतात. पहिली, कागदावरून वाचणं. नजर खाली जाते, आवाज सपाट होतो आणि तिसऱ्या मिनिटाला ऐकणारा कंटाळतो. पाच-सहा शब्दांचे मुद्दे ठळक अक्षरात लिहून तो कागद लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवा. दुसरी, काटछाट. मध्ये तुकडे जोडलेले दिसले की ‘काय कापलं?’ ही शंका येते. त्यामुळे सलग एकाच दमात केलेलं रेकॉर्डिंगच घ्या. बोलताना अडखळलं तर अडखळू द्या.

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, हा धोका व्हिडिओत नक्की आहे. सफाईने बोलणारा कच्च्या मुद्द्यावरही टाळ्या घेतो. मत नोंदवताना प्रत्येक दाव्यापुढे ‘टिकला’, ‘पडला’ किंवा ‘पुरावा अपुरा’ एवढंच लिहायला सांगा. ‘कोण चांगलं बोललं’ हा प्रश्न मतपत्रिकेत ठेवूच नका.

प्रश्न : ‘अलमट्टीची उंची वाढली तर सांगलीचा पूर वाढेल का’ या विषयावर आम्ही व्हिडिओ चर्चा केली. दोन्ही बाजूंनी एवढे आकडे आले की शेवटी कोणालाच काही कळेना. पुढच्या वेळी काय करावं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : विषय सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा निवडलात, पण नुसत्या बोलण्यावर सोडायला तितकाच अवघड. यात चार निरनिराळी मोजमापं एकत्र येतात आणि ऐकताना ती एकमेकांत मिसळतात.

सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत सांगतात : 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. हे फूट त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचे. सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते : सध्याची पूर्ण साठ्याची 519.60 मीटर आणि वादातली वाढीव 524.256 मीटर. फरक 4.656 मीटरचा, म्हणजे सव्वापंधरा फुटांचा. आता एखादा वक्ता जोशात म्हणतो, ‘धरण पंधरा फुटांनी वाढणार, म्हणजे 45 चे 60 झाले!’ ऐकायला हे पटतं, पण हिशोब चुकीचा आहे. दोन्ही मापांचा शून्य निराळा आहे. धरणापाशी वाढलेली पातळी तशीच्या तशी वर सांगलीपर्यंत पोचत नाही. नदीचा उतार, पात्राची रुंदी, मधले बंधारे आणि पूल, त्या वेळचा विसर्ग, या सगळ्यांवर फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, कुठवर आणि किती जाणवेल हे ठरतं. आणि नेमका तोच तर वादाचा मुद्दा आहे. ही बेरीज लेखी आली असती तर कोणीतरी लगेच हटकलं असतं. व्हिडिओत ती तीन सेकंदांत निसटून जाते.

दुसरी जोडी क्युसेक आणि टीएमसीची. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी हा साठा आहे, म्हणजे 100 कोटी घनफूट. विसर्ग 11,574 क्युसेकचा असेल तर चोवीस तासांत एक टीएमसी पाणी जातं. एक लाख क्युसेकने दिवसभर सोडलं तर 8.64 टीएमसी. कोयना धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी आहे, एवढं सांगितलं की या आकड्यांचा अंदाज येतो. ‘कोयनेतून 50 हजार सोडले’ असं नुसतं म्हणू देऊ नका. 50 हजार क्युसेक, आणि किती तास, हे दोन्ही हवं.

यावर उपाय आकडेपत्रकाचा. बोलण्यात येणारा प्रत्येक आकडा व्हिडिओबरोबर एका कागदावर लिहून द्यायचा : आकडा, एकक, ठिकाण, तारीख आणि तो कुठून घेतला. जो आकडा पत्रकात नाही तो मत देताना धरायचा नाही. एका व्हिडिओत पाचपेक्षा जास्त आकडे नकोत. आकडा उच्चारताना तोच मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद छातीशी धरा आणि निदान चार सेकंद धरा. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांची तुलना करायची असेल तर तक्ता लेखीच द्या. नदीची पातळी, कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचा विसर्ग आणि त्या दिवसाचा पाऊस असे चार रकाने तोंडी समजावून सांगणं चांगल्या वक्त्यालाही जमत नाही.

टेंभूच्या आगरकरांचा ‘सुधारक’ आणि ‘केसरी’ यांच्यात संमतिवयाच्या, म्हणजे मुलींचं संमतीचं वय कायद्याने वाढवण्याच्या, प्रश्नावर जो वाद झाला, त्यात कोण नेमकं काय म्हणालं हे आजही पाहता येतं, कारण ते छापलेलं आहे. तुमच्या चर्चेचंही मुद्दापत्रक आणि आकडेपत्रक जपून ठेवा.

प्रश्न : पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड केलं की आवाज घुमतो. माइक घेतला तर फोन तो ओळखतच नाही. शिवाय व्हिडिओत काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात.
– वाचक, कराड

उत्तर : ओळखत नाही याचं कारण बहुधा पिन. वायरच्या कॉलर माइकची 3.5 मिमीची पिन नीट बघा. तिच्यावर दोनच काळ्या रेघा असतील तर ती कॅमेऱ्यासाठीची, फोनला तीन रेघांची लागते. दोन रेघांची असेल तर मधे जोडायचा कन्व्हर्टर मिळतो. फोनला गोल छिद्रच नसेल तर टाइप-सी पिनचा माइक घ्या. माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा आणि तो साडीच्या काठाला किंवा गळ्यातल्या माळेला घासत नाही ना, ते बघा.

घुमण्याला माइकपेक्षा खोली जास्त जबाबदार असते. पत्रा आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. बोलणाऱ्याच्या समोर, म्हणजे फोनच्या मागच्या बाजूला, दोन जाड गोधड्या टांगा आणि खाली सतरंजी अंथरा. माइक नसला तरी तोंडापासून फोन दोन फुटांवर आणला की घुमणं बरंच कमी होतं. पाऊस पडत असेल तर पत्र्याखाली रेकॉर्ड करूच नका.

पट्टे दिव्यामुळे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे आणि जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेतो आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटीफ्लिकर’ किंवा ‘अँटीबँडिंग’ असेल तर 50 हर्ट्झ निवडा. प्रो मोड असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. काहीच नसेल तर दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो.

रेकॉर्डिंगच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन तिसऱ्या मिनिटाला कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.

प्रश्न : आम्ही थेट ऑनलाइन वाद घेतो. सगळे एकदम बोलतात, मध्येच कर्णकर्कश शिट्टी वाजते आणि रंगात आलेली चर्चा चाळीस मिनिटांनी तुटते.
– अभ्यासमंडळाच्या संयोजिका, वाई

उत्तर : ताई, एकदम बोलण्यात लोकांचा दोष कमी आहे. समोरासमोर बसून बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात जेमतेम पाव सेकंद जातो. इंटरनेटवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ लागू शकतो, ब्लूटूथचे इयरफोन त्यात आणखी भर घालतात. ‘आता शांतता आहे’ असं दोघांनाही वाटतं आणि दोघंही सुरू होतात. त्यामुळे थेट चर्चेत ‘जमेल तसं बोला’ चालत नाही. एक सूत्रधार आणि एक वेळ सांभाळणारा, अशी दोन वेगळी माणसं नेमा. बोलणारा सोडून सगळे म्यूटवर राहतील. वक्त्याने शेवटी ‘माझं पूर्ण झालं’ असं म्हणायचं, मगच सूत्रधाराने पुढचं नाव घ्यायचं. अर्धा मिनिट उरलं की घंटा वाजवू नका, पिवळा कागद कॅमेऱ्यासमोर धरा. घंटेचा आवाज बोलणाऱ्याचे शब्द खाऊन टाकतो.

शिट्टी वाजते ती एकाच खोलीत दोन फोन त्याच मीटिंगला जोडलेले असल्यामुळे. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि फिरत राहतो. एका खोलीत एकच फोन चालू ठेवा, किंवा प्रत्येकाने वायरचा इयरफोन लावा.

चाळीस मिनिटांची मर्यादा झूमच्या मोफत खात्याची आहे. गूगल मीटवर तिघांहून कमी नसतील तर मोफत साठ मिनिटं मिळतात, मात्र मोफत मीटमध्ये रेकॉर्डिंग होत नाही. झूमच्या मोफत खात्यावर रेकॉर्डिंग होतं, पण संगणकावरूनच, मोबाइलवरून नाही. म्हणून संगणकावर झूम घ्या आणि कार्यक्रमच पस्तीस मिनिटांचा आखा : भाषणं सोळा, खंडन आठ, प्रश्न अकरा. रेंज कमी झाली की आधी चित्र बंद करा. आवाजाला फार थोडा डेटा लागतो, तो टिकून राहतो. वीज जाणाऱ्या गावात राऊटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावला तर कार्यक्रम अडत नाही, फक्त राऊटरच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तोच आहे का, हे घेण्याआधी जुळवून बघा.

माझ्या मते थेट चर्चा अगदी शेवटी, दोन्ही बाजूंचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ सगळ्यांनी पाहिल्यावर, प्रश्नोत्तरांपुरतीच ठेवावी.

प्रश्न : चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवताना एक तर जात नाही, किंवा गेला तर धुरकट दिसतो.
– वाचक, मिरज

उत्तर : फोनच्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची स्पष्टता, 1080 वर असेल तर मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास फाइल होते. बोलणाऱ्या माणसाला 720 पुरे, रेकॉर्डिंगआधीच तसं सेटिंग करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की ॲप तो दाबतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा जातो, मर्यादा 2 जीबीची आहे. संगणक असेल तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये 720, दीड एमबीपीएस (सेकंदाला किती डेटा, ते माप) आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (सेकंदाला कायम तेवढीच चित्रं) निवडा. चार मिनिटांची फाइल पन्नास एमबीच्या आत येते आणि ओठ एकीकडे, आवाज एकीकडे असंही होत नाही.

प्रश्न : काही विद्यार्थिनींना चेहरा दाखवायचा नाही. त्यांना सूट दिली तर अन्याय होईल का? आणि गटातल्या एका आजोबांना ऐकू कमी येतं, त्यांचं काय करावं?
– शिक्षिका, विटा

उत्तर : अजिबात अन्याय नाही. नुसता आवाज चालेल, असं सगळ्यांसाठीच जाहीर करा, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही. वादात मुद्दा ऐकायचा असतो. पडद्यावर मुद्दापत्रक ठेवून मागून आवाज द्यायचा, एवढं फोनवरच्या कोणत्याही साध्या एडिटिंग ॲपमध्ये होतं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची लेखी संमती घ्या. तिच्यात व्हिडिओ कोण बघणार आणि कधी पुसणार हे स्पष्ट लिहा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवला तरी लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. मुलींच्या बाबतीत ‘प्रायव्हेट’ ठेवा आणि बघणाऱ्यांचे ईमेल एकेक करून जोडा.

आजोबांसाठी प्रत्येक भाषणाचा लेखी मजकूर द्या. गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंग सुरू करून भाषा मराठी निवडा आणि वक्त्यालाच आपला व्हिडिओ ऐकत तेच भाषण पुन्हा एकदा सावकाश बोलायला लावा. गावांची नावं, आडनावं आणि आकडे हमखास चुकतात, विरामचिन्हं हाताने घालावी लागतात. चार मिनिटांच्या भाषणाला दुरुस्तीसकट अर्धा तास धरा. हा मजकूर आजोबांपुरता न ठेवता गटात सगळ्यांना द्या. कोणी भाषणातला वीस सेकंदांचा तुकडा कापून बाहेर फिरवला, तर त्या वाक्याच्या आधी आणि नंतर काय म्हटलं होतं ते दाखवायला तोच मजकूर आणि मूळ न कापलेली फाइल लागते. दोन्ही निदान वर्षभर पुसू नका. पालकांच्या संमतिपत्रात पुसण्याची तारीख लिहाल, तीही त्याच बेताने लिहा.