फुटबॉलमध्ये सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध, पहिल्यांदाच खेळतोयस? मग हे वाच
स्ट्रायकर चेंडू घेऊन समोरून आला की लगेच पाय टाकू नकोस. दीड-दोन मीटर अंतर ठेव, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. छाती सरळ त्याच्याकडे करून उभा राहिलास तर चेंडू पायांमधून जातो आणि वळायला वेळ लागतो. त्याला टचलाइनकडे (मैदानाच्या कडेच्या रेषेकडे), कमजोर पायावर ढकलत ने. चेंडू त्याच्या पायापासून लांब सुटला की मगच टॅकल.

त्याची पाठ गोलकडे असेल तर अंगाला चिकटू नकोस, तुझाच आधार घेऊन तो वळेल. हातभर मागे राहा.

क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) येताना बहुतेक नवे खेळाडू फक्त चेंडू बघतात आणि माणूस मागून निसटतो. दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतील असा, गोलच्या बाजूला उभा राहा. हेडर उंच, लांब आणि कडेला मार.

ऑफसाइडची रेषा, म्हणजे तुम्हा बचावपटूंची ओळ, एकट्याने पुढे नेऊ नकोस; पास सुटताना तिच्या मागे, गोलकडे असलेला स्ट्रायकर ऑफसाइड ठरतो, हाच सापळा. जोडीदार एक पाऊल मागे राहिला तरी सापळा फुकट जातो. म्हणून सतत बोल: ‘वर चला’, ‘मागे माणूस’. गोलकीपरला बॅकपास गोलच्या चौकटीबाहेरच्या रोखाने दे. मुद्दाम पायाने दिलेला चेंडू त्याला १९९२च्या नियमापासून हाताने उचलता येत नाही.