'देणगी निधी' नव्हे, अक्षयनीवी

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, वार्षिक अहवाल मराठीत आणताना 'एन्डाउमेंट फंड'ला 'देणगी निधी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हा शब्द इतक्यांदा कानावर येतो की आता डोकंच उठतं. देणगी येते आणि खर्चून जाते. छपराची गळती काढली, संपली. एन्डाउमेंटमध्ये मुद्दलाला हात लावायचा नसतो, त्याच्या उत्पन्नावर भागवायचं असतं. वर्गण्या कमी पडल्या तरी रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, पगाराला आधार राहतो तो त्यामुळे. रोड आयलंडमधल्या न्यूपोर्टला 1763 सालचं तूरो सिनेगॉग आहे. गावातली ज्यू वस्ती उठून गेली, पण अब्राहम तूरो यांनी 1822 मध्ये त्याच्या देखभालीसाठी 10,000 डॉलर मागे ठेवले होते. उपासनेला माणूस नसताना वास्तू उभी राहिली ती त्या पैशावर.

'अक्षयनिधी' त्यातल्या त्यात बरा. पण निधी म्हणजे पुरून ठेवलेला हंडा, आणि हंडा काही वाढत नाही. नेमका शब्द नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे: अखयनिवि, म्हणजे अक्षयनीवी. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवतो. त्यातल्या 2,000 वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाचे 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळा काढणाऱ्या, 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. हिशेब चोख जुळतो! वर बजावलंय, 'अपडिदातवा वधिभोजा': हे पैसे परत करायचे नाहीत, त्यांची वाढच तेवढी खायची.

आता नीवी. संस्कृतात नीवी म्हणजे नेसूची गाठ, आणि नीवी म्हणजे भांडवलही. हे दोन निराळे शब्द आहेत म्हणणाऱ्या पंडितांनी नऊवारीतली बाई बाजारात पाहिलेली दिसत नाही. माझी आजी कनवटीला पैसे लावायची. भाजी घेऊन झाली की उरलेली नाणी पुन्हा तिथेच, गाठ मारून. कौटिल्याच्या हिशेबातही खर्च वजा जाता उरते ती नीवी. आपण आजही 'गाठीला पैसा आहे' म्हणतो, मग आणखी कसला पुरावा हवा?

आणि गंमत म्हणजे हिब्रूतही असाच दुहेरी अर्थाचा शब्द आहे. 'केरेन' म्हणजे शिंग, आणि केरेन म्हणजे मुद्दल. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात म्हटलंय की सत्कर्मांची फळं माणूस इहलोकी खातो, केरेन मात्र परलोकासाठी कायम राहतं. फळं खा, केरेन राखा. उषवदाताचं 'वधिभोजा' याहून वेगळं काय सांगतं? 1901 साली ज्यूंनी जमीनखरेदीसाठी जो फंड काढला, त्याचं नाव याच वचनातून घेतलं: केरेन कयेमेत.

तेव्हा अहवालात बिनधास्त 'अक्षयनीवी' लिहा. पहिल्यांदा येईल तिथे 'मुद्दल न मोडता वापरायची ठेव' एवढा खुलासा जोडा.